झोपलेलं अंजीर

रोझामावशीचं अंजिराचं झाड आमच्या गावाने गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, झोपेत मारलं. टाउन हॉल म्हणतो, चुकून तुटलं. मी म्हणते, मारलं.

दक्षिण न्यू जर्सीतलं हे शेतकऱ्यांचं गाव इटलीहून आलेल्या कुटुंबांनी पाइनचं रान तोडून वसवलं. माझं बालपण इथल्या वासांत मुरलेलं आहे — अंगणात रटरटणारे टोमॅटो, गॅरेजमध्ये चिरडलेल्या द्राक्षांचा आंबूस दर्प, उत्सवात खांद्यांवरून निघालेल्या संतमूर्तीमागे रेंगाळणारा मेणाचा गंध... ती मूर्ती समोरून जाताना बाबांचे हात दर वर्षी आपोआप जुळायचे.

चर्चमागची जमिनीची लांबट पट्टी गावाच्या मालकीची, पण त्या पहिल्या कुटुंबांपासून कसलेली. तिथेच आमच्या शेजारच्या रोझामावशीचं अंजीर होतं. तिच्या आजोबांनी इटलीहून ओल्या फडक्यात गुंडाळून बोटीतून आणलेल्या फांदीपासून वाढलेलं.

आम्ही राहायला आलो त्या नोव्हेंबरात आईने खिडकीतून पाहिलं, तर काही माणसं गोणपाटात बांधलेलं लांबच लांब काहीतरी खड्ड्यात उतरवत होती आणि रोझामावशी काठावर उभी.

"अहो, त्यांच्याकडे कोणीतरी गेलं!" म्हणत आईने लगबगीने पिठलं-भात रांधला, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, आणि पातेलं झाकून मला ओढतच तिकडे घेऊन गेली.

"कोण मेलं?" रोझामावशी दचकली. आईने खड्ड्याकडे बोट दाखवलं. मावशी हसून हसून खालीच बसली. "अगं, अंजीर आहे ते! थंडी सोसत नाही त्याला. एका बाजूची मुळं सोडवायची, वाकवायचं, निजवायचं. ईस्टरला उठेल." आई ओशाळून पातेलं उचलायला लागली, तर मावशीने ते धरूनच ठेवलं. "भात राहू दे. मेलं कोणी नसलं तरी भूक लागलीय!"

तेव्हापासून दर नोव्हेंबरात अंजीर निजलं की पिठलं-भात व्हायचा, आणि मी मातीवर थापट्या मारून त्याला झोपवायचे.

गेल्या हिवाळ्यात मावशी लेकीकडे होती. टाउन हॉलच्या माणसांना पट्टीवर बर्फ दिसला, खोड दिसलं नाही. त्यांनी जागा मोकळी ठरवली आणि पार्किंगसाठी खोदायचं मशीन आणलं. मी ओरडत धावले, "तिथे झाड आहे!"

"कुठाय?" ड्रायव्हरने विचारलं.

मी पोचेपर्यंत मशीनने घास वर काढला होता — गोणपाट, झाडाला गुंडाळलेला जुना गालिचा, आणि तुटलेल्या फांद्यांतून ठिबकणारा पांढरा चीक... जिवंत होतं हो ते.

मावशी परतली त्या दिवशी आईने पिठलं-भात नेला. या वेळी कोण मेलं, असं मावशीने विचारलं नाही.

पट्टीच्या उरलेल्या भागात शेजाऱ्यांची अंजिरं आत्ता, या क्षणी, मातीखाली निजलेली आहेत, आणि पार्किंग पुढे सरकतंय. सोमवारी संध्याकाळी टाउन हॉलमध्ये सभा आहे. हळहळ घरी ठेवा. या, माइकसमोर उभे राहा आणि म्हणा: ही जागा मोकळी नाही.