सोनवणेकाकांचा फळा

सोनवणेकाका गेले, त्यांच्यावर मी लिहावं की नाही, हे मला अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं मराठी झाशीचं, म्हणजे अर्धं हिंदी. चुकलो तर माफ करा. पण ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी खोटं लिहिलं... म्हणून मी लिहितो आहे.

काका आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात पेंटर होते. वॅगनवर नंबर आणि ती ज्या रेल्वेची असेल तिची अक्षरं रंगवायची, हे त्यांचं काम. भुसावळकडून आले आणि एकतीस वर्षं इथंच राहिले. सदर बाजारात त्यांना 'मराठा पेंटर' म्हणत. गावी गेले की पुतणे 'आले झाशीचे भैया' म्हणून हसत. काका म्हणायचे, "वॅगन कुठंही फिरो, ती कोणाची ते तिच्यावर लिहिलेलं असतं. माणसाचं तसं नाही रे."

दतिया गेटजवळ मराठी मंडळाचं सभागृह आहे. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठी घराण्यांचं ते मंडळ. त्यांच्या मुलांना मराठी समजतं, पण लिहिता येत नाही. म्हणून ओसरीतल्या फळ्यावर बारसं, हळदीकुंकू, कोणाचं निधन... सगळं काका लिहायचे. दर रविवारी सायकलने जायचे, ओल्या फडक्याने जुनं पुसायचे, नवं लिहायचे. अक्षर असं, की लोक थांबून वाचत. आणि हा माणूस मंडळाचा सभासद नव्हता! सभासद फक्त जुन्या घराण्यांतले, असा नियम होता. काकांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा सेक्रेटरींनी चहा पाजला आणि म्हणाले, "बुरा मानू नका सोनवणेजी. तुम्ही रेल्वेवाले. आज इथं, उद्या बदली."

काकू गेल्या तेव्हा काकांनी तेराव्याच्या जेवणासाठी सभागृह मागितलं. सभासदांनाच देतो, असं उत्तर आलं. मे महिना होता, गरम वाऱ्याची लू चालली होती. क्वार्टरसमोर आम्ही चादरी बांधून मांडव केला आणि पत्रावळी उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले. त्या दगडांचा राग माझ्या मनातून जात नाही. मी काकांना म्हटलं, आता तरी त्यांचा फळा लिहू नका. पुढच्या रविवारी ते सायकल काढून निघाले. मी वाट अडवली.

"सरक," ते म्हणाले. "मराठी लिहायला मला इथं दुसरी जागा आहे का?"

तेव्हा मला त्यांचाही राग आला. खरं सांगायचं तर अजून आहे. त्याच दिवशी त्यांनी चौथा अर्ज दिला. सेक्रेटरींना म्हणे हसत सांगितलं, आता माझी बदली एकाच ठिकाणी होईल, आणि तिथं रेल्वेचं चालत नाही.

मी भोपाळला कॉलेजात गेलो. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर; त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. ते सांगायचे आणि मला पत्र काका लिहायचे. शेवटी एक ओळ काकांची स्वतःची असायची: अर्जाचं अजून काही कळलं नाही.

मग पत्रं थांबली. दीड महिना काहीच नाही. मी वडिलांवरच चिडलो... मुलगा शिकायला गेला आणि यांना एक पत्र होत नाही.

दिवाळीला आलो तो रविवार होता. काका मंडळातच सापडतील म्हणून स्टेशनवरून थेट तिकडे गेलो. ओसरीत कोणी नव्हतं. खिळ्यावरचं फडकं वाळून पापडासारखं झालं होतं. फळ्यावर कोणाचं तरी वाकडंतिकडं अक्षर होतं, त्यावर धूळ बसली होती. पुसणारा नव्हता, म्हणून तसंच राहिलं होतं. मी वाचलं :

'आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद श्री. सोनवणे यांचे निधन झाले. शोकसभा रविवारी, सभागृहात.'