कोमट तळं

कागदाची गिरणी चालू होती तेव्हा तिच्या मागच्या तळ्यातून बारा महिने वाफ निघायची. यंत्रांना थंड करून तापलेलं पाणी त्यात सोडत, म्हणून सगळं गाव त्याला कोमट तळं म्हणायचं. गिरणी बंद पडली, पाणी हाडं गोठवण्याइतकं गार झालं, पण नाव तेच राहिलं. पाहुण्यांची फजिती बघायला बरं, असं लोक म्हणत.

त्या तळ्याकाठच्या पंपघरात आत्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. खरं तर त्या एकाच घरातल्या भाचरांच्या आत्या, पण ती भाचरं वसाहतभर हुंदडायची, त्यांच्यामागून हाक पसरत गेली आणि शेवटी गिरणीचे मॅनेजरसुद्धा त्यांना आत्याच म्हणू लागले. बाई अंगापिंडाने भक्कम, आवाज तर असा की पंप धडधडत असतानाही पलीकडच्या काठावर ऐकू जावा. तळ्यात उतरायला बंदी होती, तशी पाटीही होती. आत्या पाटीकडे पाठ करून बसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी वसाहतीतल्या पोरांना पोहायला शिकवायच्या. मॅनेजरांची मुलगीही त्यांच्याच हाताखाली शिकली, त्यामुळे वरून कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यांचे यजमान बॉयलरवर फिटर. गाव त्यांना फिटर म्हणायचं आणि आत्याही इतरांशी बोलताना ‘आमचे फिटर’ असंच म्हणायच्या. गिरणी बंद झाल्यावर आत्यांनी एका दवाखान्यात साफसफाईचं काम धरलं, पण फिटरांनी हातपाय गाळले. ते खिडकीशी बसायचे, तेही धुराडं दिसणार नाही अशा बेताने खुर्ची वळवून. बाजारात जाताना गिरणीच्या फाटकावरून जायला नको म्हणून लांबचा वळसा घ्यायचे. मुलगा नोकरीसाठी मोठ्या शहरात गेला. वसाहतीतल्या निम्म्याअधिक दारांना कुलपं लागली.

मग एका वर्षी नगरपालिकेने शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली. गिरणीच्या जागेचं काय करावं, बाहेरचे लोक चार दिवस मजेत घालवायला इथे कसे येतील, ते गावानेच सुचवायचं होतं. सूचनांचा पाऊस पडला. कुणाला संग्रहालय हवं होतं, कुणाला गोदामात हॉटेल, कुणाला धुराड्यावर रोषणाई. न्हाव्याने तर भुताची गिरणी काढू या म्हणून सांगितलं, भुताचं काम तो स्वतः करायला तयार होता. सगळ्यांचं झाल्यावर आत्या उठल्या आणि म्हणाल्या, “तळ्यात लोकांना पोहू द्या.” त्या खाली बसल्या. सभागृहात हशा पिकला.

पण बाकी सगळ्याला वेळ लागणार होता आणि तळं तर समोर तयार होतं. पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. नगराध्यक्षबाईंनी एक हंगाम करून बघा म्हणून परवानगी दिली.

फिटरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “जिथे आम्ही घाम गाळला, तिथे लोक चैन करायला येणार?”

“घाम गाळल्यावरच आंघोळ लागते,” आत्या म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन निघाल्या.

सुरुवातीला त्या एकट्याच पोहायच्या. मग गुडघे धरलेल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या, बेकरीवाली आली, तिची जाऊ आली. ओठ निळे होईपर्यंत त्या पाण्यात गप्पा मारायच्या आणि काठावर एकमेकींना चादरीचा आडोसा धरून कपडे बदलायच्या. बाहेरगावचे लोकही अधूनमधून येत, नाव वाचून खुशीत पाय घालत आणि किंचाळून बाहेर पडत. हंगाम सरत आला तरी गर्दी अशी कधी झालीच नाही. ज्यांची सूचना मागे पडली होती ते आत्यांना आता पाण्यात पाहू लागले, आणि बेकरीवाली म्हणे की बघू देत, नाहीतरी पाण्यात बघायला दुसरं आहे कोण?

थंडी वाढली आणि आत्या आजारी पडल्या. ताप छातीत उतरला. डॉक्टरांनी पाण्याचं नावही काढायचं नाही असं बजावलं. आत्यांना चैन पडेना. बायका वाट बघत थांबतील, कुणीतरी जाऊन सांगायला हवं. घरात फिटरांशिवाय होतं कोण? त्यांनी बराच वेळ चपला शोधल्या, त्या दाराशीच होत्या. शेवटी गेले.

परत आल्यावर आत्यांनी विचारलं तर ‘सांगितलं’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पाय मोकळे करून येतो म्हणून निघाले, तिसऱ्या दिवशीही. आत्यांनी अंथरुणातून नुसतं बघितलं. शर्टाच्या बाहीला काजळी लागून यायची. बॉयलरवरचे दोन जुने सोबती दाराशी येऊन हळू आवाजात कसल्याशा नळकांड्याबद्दल बोलून जायचे. आत्यांना संशय आला, पण त्यांनी कानाडोळा केला. इतक्या वर्षांनी माणूस आपणहून घराबाहेर पडत होता, त्याला टोकायचं कशाला?

बऱ्या झाल्यावर एका सकाळी फिटरच म्हणाले, “चल, जरा दाखवायचंय.”

पंपघराला लागून एक जुनी दगडी खोली होती, सामान टाकायची. ती रिकामी करून आतून फळ्या मारल्या होत्या, पायऱ्यांसारखी बाकं केली होती. कोपऱ्यात जाड पत्र्याची भट्टी होती, तिच्यावर दगड रचलेले आणि धूर बाहेर न्यायला नळकांडं. फिटरांनी दगडांवर पाणी शिंपडलं. खोली वाफेने भरून गेली. आत्यांच्या आजारलेल्या छातीला त्या उबेने इतकं बरं वाटलं की त्या बाकावर बसूनच राहिल्या.

“त्या बायका चादरीमागे कुडकुडत होत्या,” फिटर म्हणाले. “माणसाने बघत किती राहायचं?”

जरा वेळाने, भट्टीत लाकूड सारता सारता ते पुन्हा बोलले. “बॉयलरची शेवटची आग मलाच विझवायला लावली होती. तुला कधी बोललो नाही. वाटलं होतं, आता आपल्या हातून काही पेटायचं नाही.”

 आत्यांनी सरकून फिटरांना बाकावर जागा करून दिली.

गार पाणी आणि ऊब, ही जोडी मात्र लोकांना भावली. अंग भाजेस्तोवर वाफ घ्यायची, धावत जाऊन तळ्यात उडी मारायची, पुन्हा आत पळायचं. एकाने चौघांना सांगितलं, थंडीतच गर्दी होऊ लागली. नगरपालिकेने कपडे बदलायच्या खोल्या बांधल्या. एका जोडप्याने गोदामात राहण्याची सोय केली. संग्रहालय अजून बैठकांतच आहे. वसाहतीत सगळेच खूश आहेत असंही नाही. गाड्या दारात उभ्या राहतात म्हणून शेजारची म्हातारी रोज कुणाला ना कुणाला फैलावर घेते, आणि तिचं म्हणणं चुकीचंही नाही. मुलगा काही परत राहायला आला नाही, पण सुट्टीत बायकोमुलांना घेऊन येतो. नातवंडांना आपल्या आजोबांचा धाक वाटतो, कारण भट्टीला ते कुणालाच हात लावू देत नाहीत.

हवा तापल्यावर डॉक्टरांनी आत्यांना पाण्यात उतरायची मोकळीक दिली. त्या दिवशी फिटरही काठावर आले. आयुष्यभर तळ्याशेजारी काम करून त्यांना पोहता येत नव्हतं, हे वसाहतीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पॅंट वर दुमडून ते गुडघाभर पाण्यात उतरले.

“बस, एवढंच,” ते म्हणाले.

“आणखी एक पाऊल,” आत्या म्हणाल्या. “मी धरलंय ना.”

“तू धरतेस त्याचीच भीती वाटते,” फिटर पुटपुटले, आणि हात न सोडता पुढे सरकले.