मामाजी नापास होत नाहीत

मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत हजेरीबाबू होते. कोण किती वाजता आला आणि कोण दांडी मारून बाजारात गेला, हे टिपण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर आम्ही त्यांना बालाघाटला घरी आणलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. बालाघाटलाही ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी आठला व्हरांड्यात बसायचे. मी शाळेत शिकवते. मी कधी निघते आणि कधी परत येते, याची नोंद आपोआप होत असे.

त्यांच्या नावाची पॉलिसी एका दिवाळीत फराळासोबत घरात आली. माझे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, गोंदियाला विम्याचे एजंट आहेत. जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. करंजी खाता खाता त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं, की दवाखान्याचा विमा वेगळा आणि हा वेगळा. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला, त्याला दुसऱ्याच्या हातावर जगायची पाळी आली, तर देखभालीसाठी ही कंपनी दर महिन्याला पैसे देते. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, सही कुठे कुठे करायची. मग ते कागद प्लास्टिकच्या थैलीत घालून लोखंडी कपाटात माझ्या साड्यांच्या खाली गेले.

काही वर्षांनी मामाजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले आणि तो खर्च दवाखान्याच्या विम्यातून बराचसा निघाला. विमा किती उपयोगी असतो, यावर घरातल्या पुरुषांनी त्या बारा दिवसांत खूप चर्चा केली. तेराव्या दिवशी मामाजी घरी आले आणि चर्चा संपली, कारण आता काम सुरू झालं होतं.

भरवणं, पुसणं, कूस बदलणं, पॉट देणं, पॉट धुणं. मी शाळेतून लांब रजा काढली. नवरा रविवारी बाबांना आंघोळ घालायचा आणि सोमवारी ऑफिसात त्याबद्दल सांगायचा. कटंगीहून नातेवाईक पपई घेऊन भेटायला यायचे, मामाजींच्या पायाशी दहा मिनिटं बसायचे आणि निघताना सगळे तेच म्हणायचे, की सून चांगली भेटली म्हणून बरं आहे. मला कळून चुकलं, की या घरात म्हातारपणाची सोय फार आधीच झाली होती. लग्नाच्या दिवशी मी तुमसरच्या बसमधून उतरले तेव्हाच. त्या सोयीला ना हप्ता होता, ना फॉर्म.

दीड-दोन महिन्यांनी साड्या काढताना ती थैली हाताला लागली. मी नंदोयांना बोलावलं आणि चहा देण्याआधी म्हटलं, हे मोठ्याने वाचून दाखवा. ते वाचू लागले. आजार झाल्यावर तीन महिने थांबायचं. नंतर कंपनीचा माणूस येऊन सहा कामं तपासणार : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, जेवणं, बिछान्यातून उठणं, घरात चालणं. त्यातली किमान तीन कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नसतील, तरच पैसे. पुढच्या पानावर एक लांबलचक वाक्य आलं. तिथे नंदोई थांबले, चष्मा पुसला आणि मलाच विचारलं, "वहिनी, याचा अर्थ काय होते?"

दहा वर्षं ते हे विकत होते. मी अर्थ सांगितला. लकव्याला ही पॉलिसी लागू होती, एवढं नशीब.

तीन महिने झाले. कंपनीचा माणूस येणार त्या दिवशी मामाजींनी विचारलं, कोण येऊन राह्यलं? नवरा म्हणाला, साहेब येणार आहेत, तपासणीला. चूक इथेच झाली. साहेब आणि तपासणी हे दोन शब्द ऐकून खाणीतला माणूस काय करतो, हे आमच्या लक्षातच आलं नाही. मामाजींनी पांढरा शर्ट मागितला. दाढी करून मागितली. केसांना तेल लावून मागितलं.

आलेला साहेब आमच्या मुलाच्या वयाचा होता. मोबाईलवर बोट ठेवून त्याने हिंदीत विचारलं, बाबूजी, खाना खुद खा लेते हो? मामाजी म्हणाले, "हौ." नहाना? "हौ." कपडे कोण घालून देतं, म्हटल्यावर तर ते चिडलेच.

"कोण घालून देईन? मी का लहान पोट्टा आहो?"

आणि त्यांनी करून दाखवलं. डाव्या हाताने शर्टाची दोन बटणं काढली आणि दोन्ही परत लावली. कपाळावर घाम आला, पण लावली. मग वॉकर धरून दारापर्यंत गेले. मागून मी त्यांचा पायजमा धरून चालत होते, ते साहेबाला दिसलं नाही किंवा त्याच्या मोबाईलमध्ये त्याला जागा नव्हती. परत बसल्यावर त्यांनी बशीतून चहा प्यायला, एक थेंब न सांडता. तीन महिने मी त्यांना चमच्याने भरवत होते. नंदोई कोपऱ्यातून डोळ्यांनी खुणा करत होते, पण मामाजींनी आयुष्यात कधी साहेबासमोर खुणा केलेल्या माणसाकडे पाहिलं नव्हतं.

साहेब गेल्यावर त्यांनी मला विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, पास झाले. वाकड्या तोंडाने ते हसले आणि झोपले ते संध्याकाळपर्यंत. चादर दोनदा बदलावी लागली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सहापैकी पाच कामं विमाधारक स्वतः करतात, सबब क्लेम नामंजूर.

नंदोई म्हणाले, दोष तुमचा आहे, तुम्ही बाबांना आधी शिकवून ठेवायला हवं होतं. पुन्हा अर्ज करू, त्या दिवशी त्यांना निजवून ठेवा आणि कण्हायला सांगा. नवऱ्याला ही युक्ती पटली होती. मी म्हटलं, नाटक करायचं नाही. मी फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीकडून आणि इथल्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं. महिनाभर एका वहीत रोजचं काम लिहिलं, कोणी केलं त्यासकट. अर्जासोबत त्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या. नवऱ्याने ती वही चाळली आणि म्हणाला, माझं नाव फार कमी वेळा आलं आहे. मी म्हटलं, हो.

दुसरी तपासणी ठरली तेव्हा मी मामाजींच्या खाटेशी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. साहेबाला काय पाहायचं होतं आणि आपण काय दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "हजेरीत म्या कधी खोटं लिहिलं नाई."

"मले माहीत आहे, मामाजी. म्हणून तं म्हणून राह्यली. उद्या रोजच्यासारखंच राहा. खरं तेच सांगा."

"लोक आयकतीन न."

"आयकू द्या."

या वेळी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना घाई नव्हती. त्यांनी मामाजींना शर्टाचं बटण लावायला सांगितलं. मामाजींनी डावा हात छातीपर्यंत नेला, थांबले, आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "माह्याच्यानं होत नाई."

ही तीन शब्दांची कबुली मला महिनोन्महिने हवी होती. ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कणिक मळत बसले. स्वयंपाक झालेला होता.

क्लेम मंजूर झाला. दरमहा येणाऱ्या पैशात बैहरकडची एक बाई सकाळ-दुपारसाठी ठेवता आली आणि मी शाळेत परत गेले. मामाजींना तिचं काम माझ्यापेक्षा जास्त आवडतं. आल्यागेल्याला सांगतात, बाई आंघोळ चांगली घालते, सूनबाई पाणी फार गरम करत होती. नवरा ऑफिसात दूरदृष्टीवर बोलतो. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच्याकडे सल्ला मागितल्याचं ऐकते.

मग मी स्वतःसाठी तशी पॉलिसी घ्यायचं ठरवलं. नंदोयांना नवल वाटलं. म्हणाले, तुमच्या वयाले हप्ता जास्त बसते, अन् तुम्हाले कायले पाहिजे, पोरगा आहे न, सून येईन. मी फॉर्म मागून घेतला, घरी नेऊन दोन रविवार वाचला, जिथे कळलं नाही तिथे कंपनीला फोन करून विचारलं. हप्ता खरंच जास्त होता. वयाच्या चाळिशीत घेतला असता तर कमी बसला असता, पण चाळिशीत मी इतरांची काळजी घेत होते.

फॉर्मवर एक रकाना होता, गरज पडल्यास देखभाल कोण करेल. नंदोई पेन सरसावून म्हणाले, सून आल्यावर लिहू, तोवर तुमच्या बहिणीचं टाकू. मी सांगितलं, मुलाचं लिहा. ते म्हणाले, इथं बहुतेक करून बाईचंच नाव लिहितात.

"लिहा," मी म्हटलं.

रायपूरला नोकरी करणाऱ्या मुलाला मी त्या संध्याकाळी फोन करून सांगितलं. तो हसला. "मम्मी, आप भी ना. पहले शादी तो होने दो." मी विचारलं, तुझ्या लग्नाचा याच्याशी काय संबंध? मग तो म्हणाला, नेटवर्क ठीक नाही, नंतर बोलतो.

पॉलिसी टपालाने आली तेव्हा मी त्याच्या नावाचं पान मोबाईलवर फोटो काढून पाठवलं. दोन दिवसांनी त्याने अंगठा पाठवला.