तीन शाळा आणि एक ग्रेडबुक

शिक्षकांना सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते फोनवर आपोआप येतात, बहुतेक वेळा आपले हात कणकेत असताना, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘मॅडम, अर्जंट’ अशी असते.

आमच्या संस्थेच्या शाळा पेण, खांब आणि रोह्याला. मी पेणला कॉम्प्युटर शिकवते. संस्थेने ग्रेडबुकचं सॉफ्टवेअर घेतलं. शिक्षकांनी मार्क भरायचे, श्रेणी ते काढणार, प्रगतिपुस्तकही तेच छापणार. फक्त किती मार्कांना कुठली श्रेणी, हे आधी त्याला सांगून ठेवायचं. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गॅदरिंगला बंद पडलेला प्रोजेक्टर मी चालू केला होता. वायर निघाली होती, बाकी काही नाही.

पहिल्या ट्रेनिंगला सगळे हसतखेळत होते. फक्त खांबच्या ठाकूर बाई गप्प. त्यांच्या आठवीत सुनीता नावाची मुलगी आहे, गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली. दिवाळी झाली की आईबाप तिला घेऊन वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. आठवीला पास होणं आता पुन्हा सक्तीचं झालंय, आणि मागे राहिली तर शाळा बंद, असं तिच्या बापाने बाईंना तोंडावर सांगितलेलं. मी अर्धा तास बडबडून झाल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला.

“मॅडम, हे यंत्र माझ्या सुनीताला नववीत बसवील का नाय?”

“बघू या,” मी म्हटलं. तज्ज्ञ माणसाने एवढंच बोलायचं असतं.

* * *

पहिला फोन रोह्याच्या साळवी सरांचा. गणिताचे सर. पाव मार्क द्यायचा की नाही यावर रात्रभर विचार करणारा माणूस.

“मॅडम, माझा एक विद्यार्थी गायब आहे.”

मी घाबरलेच. मग कळलं, मुलगा वर्गात होता, श्रेणी गायब होती. मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, तेहेतीस ते चाळीस ‘ड’, एक्केचाळीस ते पन्नास ‘क-२’. त्या मुलाला पडले होते साडेचाळीस. तो दोन्हीच्या मधल्या फटीत जाऊन बसला, आणि प्रगतिपुस्तकात श्रेणीच्या जागी नुसती आडवी रेघ छापून आली.

ती बघून त्याचा बाप शाळेत आला. मार्कांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याने हळूच विचारलं, “सर, पोरगा शाळेत येतो ना पण?”

मी ताबडतोब चाळीसचं चाळीस पूर्णांक नव्याण्णव करून टाकलं. साळवी सरांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते अजूनही फट शिल्लक होती. मी म्हटलं, “सर, त्या फटीत मावणारा मुलगा रोह्यात जन्माला आला की कळवा.” ते त्याची वाट बघतायत.

* * *

मग सगळ्यात खालच्या श्रेणीचं बारसं आलं. आमच्या संस्थेचे चिटणीस साहेब मीटिंगला हजर होते. साहेबांचे बरेच उद्योग आहेत, शाळा हा त्यातला समाजसेवेचा. त्यांचं म्हणणं, ‘नापास’ हा शब्द छापायचा नाही, पालक मुलं काढून दुसरीकडे नेतात. त्यांनी स्वतःच नाव सुचवलं, “प्रगतिपथावर.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठाकूर बाई म्हणाल्या, “नको साहेब. आमच्या खांबला हायवेवर वर्षानुवर्षं तोच बोर्ड हाय. लोकांना त्याचा अर्थ बरोबर कळतो.”

शेवटी ‘प्रयत्नशील’वर तडजोड झाली. पहिल्याच निकालाला एक पालक पेढे घेऊन आले.

* * *

आमचे चित्रकलेचे म्हात्रे सर हमरापूरचे. तिथे घरोघरी असतो तसा त्यांच्याही घरात गणपतीचा कारखाना. त्यांना मी सांगितलं, तुमच्या विषयाच्या श्रेणींना हवी ती नावं देता येतात. हे बोलायला नको होतं.

सरांनी अ, ब, क पुसून टाकलं आणि कारखान्यात कारागीर जसा वर चढतो तशी नावं दिली. माती, मूर्ती गुळगुळीत करायचं घासकाम, रंगकाम आणि सगळ्यात वर आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम कारखान्यात कुणाच्याही हाती देत नाहीत. सरांनी वर्गातही कुणाच्या हाती दिलं नाही. पेणचा अख्खा वर्ग आखणीशिवाय राहिला.

शहरातले पालक ‘घासकाम’ वाचून चिडले. आमच्या मुलीला शाळेत भांडी घासायला लावता का, असा एक अर्जच आला.

हमरापूरची एक आईही भांडायला आली, पण तिचं दुखणं वेगळं होतं. “म्हात्रे सर, पोरगी घासकामात का टाकलीव? दोन गणपती झाले, घरी ती पितांबर रंगवते.”

म्हात्रे सर म्हणाले, “आणून दाखव गो.”

तिने मूर्ती रिक्षात घालून आणली. सरांनी ती उन्हात धरून फिरवून फिरवून बघितली आणि ऑफिसात येऊन मला म्हणाले, “मॅडम, रंगकाम करा. काठ अजून हलतोय, पण करा.”

* * *

घोळ खरा झाला तो रिकाम्या रकान्याचा. मूल चाचणीला आलं नाही तर रकाना रिकामा राहतो, आणि सॉफ्टवेअर तो मोजतच नाही. पेणचा प्रथमेश वर्षात एकाच चाचणीला उगवला, तीत वीसपैकी अठरा मिळवले आणि वर्गात पहिला आला. त्याच्या आईला मुळीच नवल वाटलं नाही. “मी सांगतच होते, रोज शाळेत जाऊन तो बिघडतो.”

चिटणीस साहेब भडकले. हुकूम निघाला, रिकामा रकाना म्हणजे शून्य. मी सेटिंग बदललं. प्रथमेश तळाला गेला, आणि त्याच्याबरोबर सुनीताही. तिला वार्षिक परीक्षेला बाईंनी स्वतः जाऊन आणलं होतं, पेपरही तिने चांगले लिहिले होते. पण मधल्या सगळ्या चाचण्या रिकाम्या. यंत्राने त्यात शून्यं भरली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, प्रयत्नशील.

बाईंचा फोन आला नाही. मला फार वाईट वाटलं.

* * *

निकालावर सह्या व्हायच्या आधी पेणला शेवटची मीटिंग होती. मी प्रोजेक्टरवर खांबची आठवी लावली आणि म्हटलं, “एका मुलीला चाचण्यांतून सूट देता येईल. वार्षिकच्या मार्कांवर ती पास होतेय. चिटणीसांची मंजुरी लागेल.”

“नियम सगळ्यांना एकच,” साहेब म्हणाले. “हे पालक मुलांना कुठे कुठे घेऊन जातात, आणि मग आपण सवलती द्यायच्या. एवढे महिने ही मुलगी होती कुठे?”

ठाकूर बाई उठल्या.

“तुमच्याच भट्टीवर, साहेब,” त्या म्हणाल्या. “लहान भावाला कडेवर घेऊन विटा उलटवत होती. मी आणायला गेले तेव्हा तुमच्या मुकादमाने मला चहा दिला.”

साळवी सर पेनाचं टोपण बघत बसले. साहेबांनी पडद्यावर सुनीताचं नाव कुठे आहे ते शोधलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “द्या सूट.”

मी बटण दाबलं. चौकट उघडली. सूट द्यायची तर कारण निवडल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही.

“कारण काय टाकू, साहेब?”

“टाका काहीतरी,” ते म्हणाले. “आजारपण टाका.”

मी टाकलं. पडदा हलला, आणि सुनीताच्या नावापुढे ‘ब-२, नववीसाठी पात्र’ असं आलं. साहेबांनी निकालावर सही केली.

ठाकूर बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि दारातून वळून विचारलं, “आजारपण कोणाचं, साहेब?”