जवसाच्या काडीतून निघालेली दोरी

रिठदच्या जगदेवचा हात लागला अन् रेडिओ बोलला नाई, असं आजवर झालं नाई. गावात कोनालेही इचारा. माणूस दहावी नापास, दीड एकरात वांगी-टमाटे पिकवते, पन जुन्या काळचे ते लाकडी पेटीचे, आत काचेचे दिवे लागनारे रेडिओ त्याच्या ओसरीवर पार अकोल्याहून येतात. त्याचं कारन असं, की त्या रेडिओचे पार्ट आता बाजारात कोठीच भेटत नाईत, अन् जगदेव ते घरी बनवते.

बटन तुटलं तं बाभळीच्या लाकडाचं कोरते, तेल पाजते अन् जुन्या बटनाशेजारी ठेवते. नवं कोनतं ते मालकालेच सांगता येत नाई. काटा गेला तं सायकलच्या चाकाची तार घासून काटा करते. स्पीकरचा कागद फाटला तं पतंगाचा कागद अन् बाभळीचा डिंक. शिकलेसवरलेले इंजिनेर त्याच्यापुढं उकिडवे बसून पाह्यतात, दुसरं काय पाह्यजे?

काम झालं की कोनता पार्ट कशाचा केला हे तो छाती फुगवून सांगते. अन् काहून सांगू नाई? केलं त्यानं, सांगनार तोच. पन वाशीमले हीराबाईच्या घरी हे सांगनंच त्याच्या अंगावर आलं.

हीराबाई म्हंजे ऐंशी पार केलेली जैनाघरची म्हातारी. तिच्या मालकानं, अजितकुमारनं, लग्नाच्या साली नागपूरहून रेडिओ आनला व्हता. मालक गेले, रेडिओ मुका झाला, अन् मंग बाईचे डोळेही गेले. टीव्ही तिच्या काय कामाचा? रेडिओचं बटन मात्र तिच्या बोटांना पाठ व्हतं. कापडाचं दुकान चालवनारा नातू पारस म्हने, "आजी, पेटी ठेवतो, पन आतलं सारं काढून ब्लूटूथचा स्पीकर बसवतो. एकतीस तारखेले अकोल्याचा माणूस येऊन राह्यला."

"त्याच्या आधी रिठदच्या जगदेवले दाखव," हीराबाई म्हने. "त्यानं हात टेकले तं मंग कर तुह्या मनाचं."

जगदेवनं रेडिओ नेला अन् मार्चच्या वीस तारखेले गाडीवर बांधून परत आनला. बटन, काटा, स्पीकर, सारं घरचं. अन् एक दोरी. रेडिओचं बटन फिरवलं की आतली बारीक दोरी चाक ओढते, काटा सरकते, तवा कोठी स्टेशन लागते. ही दोरी ढिली पडली तं बटन नुसतं गरगर फिरते. सुती दोरा लांबते, नायलॉन घसरते. म्हनून जगदेवनं आईच्या, जिजाबाईच्या, लग्नाच्या लुगड्याचे काठ उसवले व्हते.

दिवे तापले. हीराबाईनं बटन हळूहळू फिरवलं अन् नागपूर लागलं. बाईचं तोंड खुललं. जगदेवले मंग काय धीर निंघते?

"आजी, बटन बाभळीचं. काटा सायकलच्या तारेचा. अन् दोरी? अस्सल रेशमाची! माह्या मायच्या लुगड्याची!"

चटका बसावा तसा बाईनं हात मागं घेतला.

"बापू," ती म्हने, "रेशमापायी किडे जितेच उकळतात. मी लग्नातही सुतीच नेसली. आता या वयात त्या दोरीवर हात फिरवू?"

पारसनं जगदेवले दारात ओढलं अन् हळूच म्हने, "तुमाले कोनी सांगायले सांगतलं व्हतं? आता पाच मिनिटं खुडबुड करा अन् म्हना, बदलली. तिले थोडंच दिसते?"

"तिले नाई दिसत. मले दिसते," जगदेव म्हने. आत येऊन त्यानं कैची मागतली अन् सार्‍यांसमोर दोरी कापली. नागपूर गेलं. "एकतीसले घेऊन येतो दुसरी."

"अन् नाई आले तं?"

"नाई आलो तं तुह्या अकोलेवाल्याले स्क्रू मीच काढून देतो."

बोलला तं खरा, पन तीन दिवस त्याचं डोकं चाललं नाई. सुती दोर्‍याले डिंक पाजून पाह्यला, कडक झाला. थोरला भाऊ गजेंद्र म्हने, "मासे धरायची तंगूस लाव."

"जैनाच्या घरात गळाची दोरी? दादा, आधी रेशमानं मारलं, आता तू जोड्यानं मार खाऊ घालशील."

गजेंद्र जवसाच्या काड्यांची पेंडी बांधत व्हता. धुर्‍यावरचं, वावराच्या बांधावरचं, जवस झोडून झालं व्हतं. जगदेवनं बसल्या बसल्या एक काडी मोडली. काडी मोडली, पन आतले तंतू काही तुटेनात. केसावानी बारीक, ओढले तं बोटाले कापतील असे.

"ओढ, ओढ! नाई तुटनार," गजेंद्र म्हने. "असं जवस दाखव रिठदमंधी दुसर्‍या कोनाचं."

जगदेव पेंडी घेऊन उठलाच. फवारनीचा ड्रम घासून धुतला, पानी भरलं, काड्या बुडवल्या. काडी कुजली की तंतू आपोआप सुटतात. मार्चचं ऊन. तिसर्‍या दिवशी असा वास सुटला की बायको उज्ज्वला नाकाले पदर लावून आली.

"काहो, काय मारून टाकलं यात?"

"आजीच्या रेडिओची दोरी हाय."

"मंग आजीलेच देऊन या ना ड्रम!"

पाच दिवसांनी काड्या काढल्या, वाळवल्या, मोगरीनं ठोकल्या. भुसा झडला, तंतू राह्यले. ते विंचरायले त्यानं उज्ज्वलाचा कंगवा घेतला.

"नवा व्हता तो!"

"रेडिओच्या कामी आला. कंगव्याचं नशीब पाह्य."

पहिली दोरी गाठीत तुटली. रात गेली, एकच दिवस हाती राह्यला. मंग त्यानं गाठीचा नादच सोडला. बैलाचा दोर वळतात तशी वळली. मांडीवर दोन पदर वेगळे पिळले, मंग उलट्या पिळानं एकमेकांत घातले, अन् तंतू सरायच्या आधीच नवा तंतू पोटात सोडला. वरून राळेची पूड, घसरू नाई म्हनून. तिसर्‍या पहारी दोरी झाली. त्यानं तिले अडकित्ता टांगला. तुटली नाई. पाटा टांगला. तुटली नाई.

एकतीसले तो वाशीमले पोचला तवा अकोल्याचा माणूस पिशवीतून हत्यारं काढून बसला व्हता.

"आलेच तुमी," पारस म्हने.

"येतो म्हनलं व्हतं."

अर्ध्या तासात दोरी बसली. पन हीराबाई बटनाले हात लावेना. "आधी सांग, कशाची?"

जगदेवनं उरलेला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. "जवसाची. तुमी चटनी करता न, त्याचीच काडी. आमच्या धुर्‍यावरची."

बाईनं तुकडा नाकाशी नेला. "वरून मेन तं नाई लावलं? ते मधमाशीचं असते."

"राळ हाय, आजी. झाडाची."

तवा कोठी तिनं हात पुढं केला. घरघर झाली, शिट्टी झाली अन् नागपूर लागलं. बाई थांबली नाई. बटन पुढं नेलं, नागपूर सोडलं, अन् परत मागं फिरवलं. व्हतं तठीच नागपूर सापडलं. असं तिनं तीनदा केलं.

"पारस," ती म्हने, "पाहुन्याले जेवू घाल, लांबून आला. पन ती पिशवी बंद कराले सांग."

अकोल्याचा माणूस मात्र रेडिओच्या मागं बॅटरी घेऊन वाकला व्हता.

"भाऊ, हातभर दोरी उरली का? माह्याकडं एक असाच पडून हाय."

"सुटी दोरी देत नाई," जगदेव म्हने. "रेडिओ घेऊन या रिठदले."

"बरं, बनवली कशी तेवढं तं सांगा?"

जगदेवनं मांडी घातली, छाती फुगवली अन् पार जवस पेरल्यापासून सुरुवात केली. अकोल्याची चारची बस गेली, तवा त्याचं सांगनं ड्रमच्या वासापर्यंतच आलं व्हतं.