एकाचा कोर्स, दोघे भाऊ

"साहेब, प्रायमाक्विन एकाच माणसापुरतं उरलंय. पेशंट दोन आहेत," मी फोनवर वरिष्ठांना सांगत होते.

"इंडेंट पाठवलंय ना? मग वाट बघा."

"किती?"

"टेंडर अडकलंय मॅडम. मी काय खिशातून काढून देऊ?"

इंडेंट म्हणजे औषधाची लेखी मागणी. ती पाठवून पाठवून मी थकले होते. अंधेरीच्या एका सरकारी दवाखान्यात मी तेव्हा फार्मासिस्ट होते. खिडकीशी हिराबाई ताटकळत होत्या. वर्सोव्याच्या कोळीण, मासळी विकायच्या. त्यांच्या दोन्ही मुलांना व्हायव्हॅक्स मलेरिया झाला होता. यात क्लोरोक्विनने ताप उतरतो, पण काही जंतू यकृतात दडून बसतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं, दोन आठवडे, न चुकता. नाहीतर ताप उलटतो. बाहेरच्या केमिस्टांकडेही ते नव्हतं, मी फोन करून पाहिले होते.

थोरल्याला हा ताप आधीही येऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांनी कोर्स त्याला लिहिला.

"मावशी, हे फक्त थोरल्याचं. धाकट्याचं आलं की कळवते."

"बरं बाय," म्हणून त्या गेल्या.

औषध काही आलं नाही. ताप उतरला तसे दोघे भाऊ बोटीवर गेले. पुढच्याच महिन्यात खोल समुद्रात दोघांनाही थंडी वाजून आली. बोट माघारी फिरवली, पण किनारा येईपर्यंत धाकट्याची शुद्ध हरपली होती. मोठ्या हॉस्पिटलात नेला. तिथेच गेला.

काही दिवसांनी हिराबाई थोरल्याला घेऊन आल्या. याने तर कोर्स केला होता, मग ताप उलटला कसा, मला कळेना.

"गोळ्या सगळ्या घेतल्यास ना रे?"

त्याने आईकडे पाहिलं.

"अर्ध्या याला, अर्ध्या त्याला दिल्या," हिराबाई म्हणाल्या. "म्हावरं आलं तरी आमच्यात वाटे पडतात, बाय. एकाच्या तोंडात घालू नि दुसऱ्याला बघत ठेवू? आई हाय मी."

अर्धा कोर्स दोघांनाही पुरला नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलंच.

"म्हणजे मीच मारला त्याला?"

"नाही मावशी. त्याच्या गोळ्या आमच्याकडे नव्हत्या." साहेबांचा भयंकर राग आला होता.

स्टॉक नंतर आला. थोरल्याला मी रोज दवाखान्यात बोलावून समोर गोळी घ्यायला लावली. तो बरा झाला.

या नोकरीत एक शिकले. औषध कमी पडलं की कुणाला द्यायचं नाही, हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. साहेबांनी ते आमच्यावर ढकललं. आम्ही एकाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणणं एका आईच्या हातात दिलं.