दाजींची हलकी वेबसाईट

भोर-वेल्हे पट्ट्यात लग्न झालं आणि अल्बममध्ये नवरानवरी गुलाबाच्या फुलातून उगवली नाहीत, असं आमच्या साडूंच्या उमेदीच्या काळात एकदाही घडलं नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. राहायला वेल्हे तालुक्यात पासलीला, धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा, आणि हौस अशी दांडगी की फोटोतला माणूस साध्या जमिनीवर उभा असलेला त्यांना बघवायचा नाही. भातखाचरात राबणारी पोरं त्यांनी धबधब्याखाली उभी केली, शिंपल्यात बसवली, हंसाच्या पाठीवरून फिरवून आणली. एका नवरदेवाला तर चंद्रकोरीवर असं टेकवलं होतं की अल्बम बघताना त्याची आई "पडंल की वो!" म्हणून ओरडली.

मांडवात दाजी म्हणजे दुसरे भटजीच. हार घालताना नवरीचा हात जरा खाली आला की ते "परत घाला" म्हणायचे आणि लोक मुकाट्यानं परत घालायचे. आंबवड्याच्या एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून नवरीच्या बापाचा फेटा सारखा केला होता. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. घरातलं जे माणूस लग्न बघायला उरलेलं नसे, त्याला ते जुन्या फोटोतून कापून मांडवात आणून उभं करायचे. लोक हे त्यांच्याकडे हक्कानं मागायचे. एका आजींनी आपल्या मालकांचा फोटो दिला तो ऐन तिशीतला. दाजींनी तो तसाच बसवला आणि आजोबा नातवापेक्षा तरणे दिसायला लागले. घरची मंडळी चिडली. आजी मात्र फोटोवरून हात फिरवत म्हणाल्या, "आसंच दिसायचं. ऱ्हाऊ द्या."

या सगळ्या व्यापात दाजींबरोबर अक्का असायच्या. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. दिव्यापुढं धरायची ती पांढरी छत्री घेऊन, पदर खोचून, त्या प्रत्येक लग्नात उभ्या. "जरा डावीकडं घे... आता वर... बास," एवढंच दोघांचं दिवसभराचं बोलणं. पुढं अक्का आजारी पडून गेल्या आणि दाजींनी छत्रीसाठी लोखंडी स्टँड आणला. सवय काही गेली नाही. त्यानंतरही भर मांडवात ते त्या स्टँडला म्हणायचे, "जरा डावीकडं घे." लोक हसायचे. मीही एकदा हसलो होतो, तेव्हा बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली जिलबी परत पानात ठेवली.

हळूहळू कामं कमी झाली. नव्या पोरांना ड्रोन लागतो. माझं भोरला एसटी स्टँडजवळ दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो आणि कुणी सांगितलं तर वेबसाईट बनवतो. दाजी म्हणाले, "पावणं, माझ्या फोटूंची बी एक बनवा. काम न्हाई आलं तर यंदा कॅमेरा कपाटात जातोय बगा." बनवली. मी कसली, त्यांनीच माझ्याकडून बनवून घेतली. उघडताना मखमली पडदा बाजूला सरकायचा, सनई वाजायची, वरून पाकळ्या पडायच्या आणि मधोमध कलश गोल फिरायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते पाहून दाजींचे डोळे भरून आले. अडचण एवढीच की पासलीत ती उघडायचीच नाही. त्यांच्या घरात रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर थोडी येते, तीही मनात आलं तर.

"पावणं, बटन दाबलं आन् बसलो. खाली म्हैस सुटली, ती बांधून परत वर आलो, तरी परदा उघडंना!"

त्यात किकवीच्या एका वधूपित्यानं एसटीत बसल्या बसल्या ती वेबसाईट उघडायला घेतली, वाट बघून कंटाळला आणि काम पुण्याच्या पोरांना देऊन मोकळा झाला. तेव्हा मात्र दाजी हबकले. "हलकी करा," म्हणाले, "काय काडायचं ते काडा."

मी पडदा काढला, सनई बंद केली, पाकळ्या झाडून टाकल्या. पांढरं पान, वर नाव, खाली फोन नंबर आणि मध्ये मोजके फोटो. कलश काढताना तरी भांडतील असं वाटलं होतं, पण नाही. एवढंच म्हणाले, "फोटू मातर म्या निवडनार." त्यांनी निवडून पाठवलेले फोटो बघून मी कपाळाला हात लावला. एकात नवरीचे डोळे मिटलेले, एकात नवरदेव जांभई देतोय, एकात करवलीची वेणी दोघांच्याही तोंडापुढं. आयुष्यभर हंसावरून वराती काढणाऱ्या माणसाची ही निवड! वय झालं, म्हटलं. निदान बरे दिसावेत म्हणून मी सगळ्या फोटोंच्या कडा कापल्या, नवरानवरी मधोमध घेतली. फोटो लहान झाले, वेबसाईट बोट लावताच उघडायला लागली. मी खुशीत दाजींना कळवलं.

दुसऱ्या दिवशी वेल्हे, नसरापूर अशा गाड्या बदलत दाजी दुकानात हजर. मी चहा सांगितला. तो निवला तरी त्यांनी हात लावला नाही.

"कडा कुठं गेल्या?"

"कापल्या. फोटो हलके होतात. आणि कडेला होतं काय? दिवे नि वायरी."

दाजींनी पिशवीतून मूळ फोटो काढले, टेबलावर मांडले आणि एकेकाच्या कडेवर बोट ठेवत गेले. प्रत्येक फोटोत अगदी काठाला ती पांढरी छत्री होती आणि छत्रीखाली अक्का. कुठं अर्ध्या, कुठं नुसता हात, कुठं खोचलेला पदर तेवढा. डोळे मिटलेल्या नवरीच्या फोटोत अक्का मात्र सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या.

मी म्हटलं, "दाजी, अक्कांना यातून काढून पहिल्या पानावर तुमच्या शेजारी उभं करू. तुम्ही नाही का इतक्या जणांना केलंत?"

"नगं. चिकटवलेलं मानूस मला लगीच कळतं वो. ही हितं खरीच हुबी व्हती."

"पण हे फोटो बघून काम कोण देईल?"

"न्हाई दिलं तर न्हाई."

"मग वेबसाईट कशाला हवी? फोटो तर तुमच्या घरी कपाटात आहेतच."

दाजींनी टेबलावरचे फोटो एकावर एक रचले.

"घरी काडलं की म्या एकलाच बगतो," ते म्हणाले. "हितं कसं, कुठंतरी आनखी कुनीतरी बगत आसंल, आसं वाटतं."

मी सगळ्या कडा परत लावल्या. वेबसाईट किंचित जड झाली, तरी पासलीच्या टेकाडावर उघडते. लग्नसराई आली आणि गेली. एक फोन आला होता, त्यांना ड्रोन हवा होता. कॅमेरा कपाटात गेला. दाजी रोज मोबाईल घेऊन टेकाडावर जाऊन बसतात, असं तिकडून येणारे लोक सांगतात. मी सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आधी ती वेबसाईट उघडतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे फोटो बघतो. दाजी आणि मी सोडलो तर दुसरं कुणी ती उघडत नाही, हे मला इथं कॉम्प्युटरवर आकड्यांत दिसतं. दाजींनी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर, लोक बघतात म्हणून सांगणार आहे.